क्रोम काढून पुन्हा रबर : एमजीबी कारखान्यातून निघाली तशी करताना

एमजीबी म्हटलं की लोकांच्या डोळ्यासमोर येते ती चकचकीत क्रोम बंपरची, छप्पर उघडणारी बुटकी गाडी. १९६२ ते १९८० एवढी वर्षं ऑक्सफर्डजवळच्या ॲबिंग्डनला ती बनत होती, पाच लाखांच्या वर बनल्या, आणि शेवटच्या सहाएक वर्षांत ज्या बनल्या त्यांना पुढेमागे काळे जाडजूड बंपर होते. सगळे त्यांना रबर बंपर म्हणतात, खरं तर आत लोखंड आणि वरून पॉलियुरेथेन. झालं असं की अमेरिकेत नियम आला, ताशी ५ मैलांच्या धडकेत गाडीचं नुकसान व्हायला नको आणि बंपर अमुक उंचीवर पाहिजे. बहुतेक गाड्या अमेरिकेतच खपायच्या, दोन वेगळी मॉडेलं काढणं कंपनीला परवडणारं नव्हतं, त्यामुळे १९७४ च्या मध्यानंतर ब्रिटनमधल्या गिऱ्हाइकांच्याही गळ्यात तेच पडलं, वर गाडी इंच-दीड इंच उचलली ती वेगळीच. तेव्हापासून रबरवाल्यांना नावं ठेवायची आणि हातात पैसे आले की ते बंपर काढून क्रोम बसवायचं, हा इथल्या हौशी मंडळींचा जुना उद्योग.

मी उलटं केलं. क्रोम लावलेली गाडी घेतली आणि परत रबरवाली केली. दोन वर्षं गेली, पैसे गेले, आणि मधल्या काळात ज्या गोष्टी कुणी एका जागी सांगत नाही त्या इथे लिहून ठेवतोय. युकेत राहणारे आपले बरेच लोक आता जुन्या गाड्यांच्या नादी लागलेत, त्यांना उपयोग होईल.

गाडी जुलै २०२२ मध्ये घेतली, ७,२०० पौंडांना. १९७९ ची रोडस्टर. मी मूळचा कोल्हापूरचा, नोकरी कॉव्हेन्ट्रीत, आणि एमजी बनायची ते गाव इथून गाडीने तास-सव्वा तासावर, एवढंच माझं आणि तिचं नातं. हिरवा गडद रंग, क्रोम बंपर, मिनिलाइट छाप, म्हणजे जाड आऱ्यांची, ॲलॉय चाकं, इंजिनावर दोन एसयू कार्बोरेटरांच्या जागी एक मोठा वेबर, आत माझदा मियाटाच्या सीट आणि खाली फोर्डचा पाच स्पीडचा गिअरबॉक्स. शिवाय गाडी खाली बसवलेली, म्हणजे पुढे कापलेल्या स्प्रिंग आणि मागे पाट्यांखाली ठोकळे. दिसायला झकास, पण आमच्या गल्लीतल्या प्रत्येक स्पीडब्रेकरला सायलेन्सर घासायचा आणि वेबर थंडीत सकाळी इतका खोकायचा की शेजारी पडद्याआडून बघायचे. ज्यांच्याकडून घेतली ते आजोबा म्हणाले, हे सगळं आधीच्या मालकाने केलंय, मी फक्त पेट्रोल घातलं.

आता पहिलं काम, आणि हे गाडी घेतल्या घेतल्या करा. गेडनला ब्रिटिश मोटर म्युझियम आहे, त्यांच्याकडे जुन्या ब्रिटिश कारखान्यांची उत्पादनाची खातेवही जपून ठेवलेली आहे. तुम्ही चासी नंबर दिला की ते शोधून हेरिटेज सर्टिफिकेट देतात. गाडी कधी बनली, कधी रवाना झाली, कुठल्या डीलरकडे गेली, रंग कोणता, आतलं कापड कोणतं, जादा काय बसवलं होतं. मी अर्जाबरोबर व्ही५सीची, म्हणजे इथल्या आरसी बुकाची, कॉपी आणि चासी प्लेटचा फोटो जोडला, खर्च पन्नासेक पौंड आणि काही आठवड्यांची वाट. चासी नंबर वाचायलाही मजा आहे, माझा जीएचएन५ ने सुरू होतो. जी म्हणजे एमजी, एच म्हणजे इंजिनाचा गट, एन म्हणजे दोन सीटची उघडी गाडी, ५ म्हणजे मालिका. एनच्या जागी डी असेल तर ती छपराची जीटी. विकणारा उघडी गाडी म्हणत असेल आणि प्लेटवर डी असेल तर तिथूनच मागे फिरा.

ऑक्टोबरमध्ये सर्टिफिकेट आलं. रंग : इंका यलो. पिवळा! आतमध्ये काळं आणि पट्ट्यापट्ट्यांचं कापड, ज्याला इथे डेक चेअर सीट म्हणतात, समुद्रावर असतात ना त्या आरामखुर्च्यांसारखं. आईला व्हिडिओ कॉलवर सांगितलं तर म्हणाली, "अरे चांगली हिरवी आहे ती, टॅक्सी कशाला करतोस तिची?" बायकोचंही मत साधारण तेच, फक्त जास्त स्पष्ट शब्दांत.

मग का केलं? क्रोमवाल्या अस्सल गाड्या शेकड्यांनी आहेत, त्या हव्या असतील तर सरळ १९७० ची घ्यावी. माझी जी होती ती १९७९ ची असून १९६८ ची असल्याचं सोंग करत होती, आणि सोंगही अर्धवट, कारण आत डॅशबोर्ड शेवटच्या वर्षांचाच. लोकांनी एवढ्या रबरवाल्या कापल्यात की न कापलेली धड गाडी शोधावी लागते. ती वाईट दिसते हे मला मान्य आहे. पण वाईट दिसत होती हाही तिचा इतिहासच ना, १९७९ साली शोरूममधून कुणीतरी हौसेने पिवळी गाडी घेऊन बाहेर पडला होता.

कायद्याने ह्यातलं काहीच करायची गरज नव्हती, हे आधी सांगतो म्हणजे कुणी घाबरून कामाला लागायला नको. इथे ४० वर्षांच्या वरच्या गाडीला रोड टॅक्स नाही आणि मे २०१८ पासून एमओटी, म्हणजे गाडीची वार्षिक तपासणी, तीही सक्तीची नाही, फक्त गेल्या ३० वर्षांत गाडीत मोठा बदल झालेला नसावा. मोठा बदल म्हणजे चासी किंवा मूळ बॉडी, इंजिन, सस्पेन्शनचा प्रकार असल्या गोष्टी. बंपर, गिअरबॉक्स, सीट ह्यात येत नाहीत. तसं जाहीर करायचा फॉर्म आहे व्ही११२, पहिल्यांदा गाडी ह्या जुन्या गाड्यांच्या वर्गात घालताना पोस्ट ऑफिसात व्ही५सीबरोबर द्यावा लागतो. टॅक्स शून्य असला तरी दरवर्षी टॅक्स "भरावा" लागतोच, म्हणजे शून्य पौंडांचा. आपल्याकडे हे उलटं आहे, जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की मूळ कंपनीने दिलेल्या स्पेसिफिकेशनच्या बाहेर बदल चालणार नाहीत, आणि २०२१ च्या विंटेज नियमात गाडी ५० वर्षांच्या वरची आणि मूळ रूपातली पाहिजे, नव्या नोंदणीचे २०,००० रुपये. पुण्यातल्या मित्राला हे सांगितलं तर म्हणाला, मग तुझी ती हिरवी इकडे कुणी ओळखच दिली नसती.

नोव्हेंबरमध्ये गाडी सॉर्न केली. रस्त्यावर वापरणार नाही असं डीव्हीएलएला, म्हणजे इथल्या आरटीओला, ऑनलाइन कळवायचं, फुकट असतं, पाच मिनिटांचं काम. विसरलात तर इन्शुरन्स नसल्याचा दंड घरी येतो. इन्शुरन्सवाल्यांकडे "लेड अप" नावाचं कव्हर मागा, गाडी गॅरेजमध्ये सुटी पडलेली असताना चोरी आणि आगीपुरतं, खूप स्वस्त पडतं. आणि खोलायला सुरुवात करायच्या आधी फोटो. प्रत्येक वायर, प्रत्येक नट, प्रत्येक ब्रॅकेट. पिशव्यांवर मार्करने नाव लिहा, आणि मार्कर पेट्रोलने पुसला जातो म्हणून आत एक चिठ्ठीही टाका.

पेट्रोलची टाकी खाली काढली तो रविवार मात्र लक्षात आहे. टाकी डिकीच्या तळाला खालून बोल्टने लावलेली असते, बोल्ट गंजलेले, मी जमिनीवर उताणा, तोंडावर माती. टाकी खाली आली आणि वर बघतो तर डिकीच्या तळाचा टाकीएवढा चौकोन पिवळाधमक! हिरवा मारणाऱ्याने टाकी काढायचे कष्ट घेतलेच नव्हते. कडेला हिरव्याची धार, मग प्रायमरची करडी रेघ, आणि आत ४३ वर्षं ऊन न लागलेला पिवळा. पुढे पेंटरला कोडवरून रंग बनवून दाखवला तेव्हा तो ह्याच चौकोनाला लावून पाहिला, आणि पहिला नमुना थोडा लिंबाकडे झुकत होता म्हणून परत बनवला. तुमच्या गाडीचा रंग शोधायचा असेल तर टाकीच्या वरच्या पत्र्यावर, डॅशबोर्डच्या मागे, गालिच्याखाली बघा. बॉनेटच्या आतल्या बाजूवर विश्वास ठेवू नका, बॉनेट बदललेलं असू शकतं.

पार्ट मिळवणं हे ह्या गाडीच्या बाबतीत सोपं आहे, इतकं सोपं की बाकी जुन्या गाड्यावाले जळतात. १९८८ पासून तर एमजीबीची अख्खी नवी बॉडी मूळच्याच साच्यांवर बनवून मिळते. पण नवं सगळं जे मिळतं ते जास्त करून क्रोमवाल्यांसाठी, रबरवाल्यांचं सामान लोकांच्या अडगळीत. फेब्रुवारी २०२३ मध्ये स्टोनलीला एमजी आणि ट्रायम्फच्या पार्टांचा बाजार भरला तिथे गेलो, सकाळी लवकर, रोख पैसे घेऊन. कार्ड चालतं पण रोख दाखवली की भाव उतरतो, आपल्या जुन्या बाजारासारखंच. पुढचा-मागचा बंपर मिळून १२० पौंडांत मिळाले, विकणारा खरोखर म्हणाला, "हे कुणी विकत घेताना मी पहिल्यांदाच बघतोय." पुढचा बंपर एकट्याने उचलू नका, आतल्या लोखंडामुळे भलताच जड आहे, आम्ही दोघांनी पार्किंगपर्यंत नेला तेवढ्यात दोनदा टेकवला. घेताना आतलं लोखंड गंजलंय का ते मागून हात घालून बघायचं, वरचं कातडं पांढरं-करडं पडलं असेल तर काळजी नाही. हीट गनने हळूहळू फिरवत गरम केलं की काळेपणा वर येतो, मात्र एका जागी थांबलात की फोड. मग वरून बंपरचं काळं ड्रेसिंग, ते दर काही महिन्यांनी परत लावावं लागतं.

कार्बोरेटर एसयूचे, एचआयएफ४ जोडी, इनलेट मॅनिफोल्ड आणि एअर फिल्टरच्या डब्यांसकट १९० पौंड, आणि नवे शाफ्ट, बुश, जेट, फ्लोट घालून दुरुस्त करायला आणखी १६०. इंजिन माझं नशिबाने मूळ जातीचंच होतं, प्लेटवर १८व्ही ८४७एफ, ब्रिटनमधल्या शेवटच्या गाड्यांचं १७९८ सीसीचं. गिअरबॉक्स मात्र शोधावा लागला. मूळ चार स्पीडचा आणि मागे लेकॉकचा ओव्हरड्राइव्ह, म्हणजे वेगात इंजिनाचे फेरे कमी करणारा जादा गिअर, ज्याचं स्विच ह्या वर्षांत गिअरच्या नॉबवर असतं. दुरुस्त करून वॉरंटीसह १,०५० पौंड, जुना बदली दिला असता तर दोनशे कमी झाले असते पण माझ्याकडचा जुना फोर्डचा. गिअरबॉक्स बसवायला ह्या गाडीत इंजिनासकट बाहेर काढणं हाच शहाणपणा. मी आणि ऑफिसातला एक पंजाबी मित्र, भाड्याचा क्रेन, पूर्ण शनिवार. नॉबवरच्या स्विचची बारीक वायर लिव्हरच्या आतून जाते आणि वळताना तुटते, नवी घालताना थोडी ढील ठेवा.

सस्पेन्शन सोपं गेलं. क्रॉसमेंबर, म्हणजे पुढचं सस्पेन्शन धरणारा आडवा तुळईसारखा भाग, मूळचाच होता, त्यामुळे पुढे स्टँडर्ड स्प्रिंग आणि मागे ठोकळे काढून नवे पाटे. नवे पाटे लावल्यावर गाडी मागून बैलगाडी उलार झाल्यासारखी दिसते, ही सगळ्यांचीच तक्रार आहे, घाबरून परत पाठवू नका. डिकीत सिमेंटच्या दोन गोण्या टाकून महिनाभर ठेवली, थोडी बसली, बाकी चालवून बसते.

बॉडीचं काम माझ्याच्याने होणारं नव्हतं. क्रोम बसवताना पुढचे मडगार्ड बदललेले होते, कारण क्रोमवाल्यात साइडलाइट-इंडिकेटर मडगार्डमध्ये असतात आणि रबरवाल्यात इंडिकेटर बंपरमध्ये. मागे लाइटखालचे कोपरे वेल्डिंग करून भरलेले, आणि मागच्या बंपरची ब्रॅकेटं ग्राइंडरने उडवलेली. एका वर्कशॉपने, नाव नको, जुलै २०२३ मध्ये गाडी घेतली आणि सप्टेंबर म्हणाले. सप्टेंबरचा डिसेंबर झाला. मी फोन केला की "पुढच्या आठवड्यात", आणि प्रत्यक्ष गेलो तर गाडी कोपऱ्यात, वर धूळ, बॉनेटवर कुणाचं तरी सामान. घासल्यावर मागच्या मडगार्डात बोटभर पुट्टी निघाली, दाराखालची पत्र्याची सिलही कुजलेली, त्याचे वेगळे १,४०० पौंड. खरं सांगायचं तर ते लोक वेल्डिंग उत्तम करत होते, फक्त कॅलेंडर नावाची गोष्ट त्यांच्याकडे नव्हती. जानेवारीपासून मी पैसे टप्प्याटप्प्याने द्यायला लागलो, म्हणजे अमुक काम झालं, फोटो आला, की तेवढे पैसे. त्यानंतर हलायला लागली. पहिल्यापासून तसंच ठरवा आणि लेखी ठेवा. एप्रिल २०२४ मध्ये पिवळी होऊन घरी आली. पत्रा, रंग, पुढचे मडगार्ड धरून ८,९०० पौंड. ह्या आकड्यावर बायको दोन दिवस शांत होती, त्यापेक्षा ती बोलली असती तर बरं.

उन्हाळाभर जोडणी. सीटचं पट्ट्यांचं कापड नव्याने विणलेलं मिळतं, जुन्या सांगाड्यांची जोडी ८० पौंडांत आणि कव्हर-फोम ४०० च्या आसपास. कव्हर चढवायच्या आधी उन्हात ठेवा, इंग्लंडात ऊन नसेल तर कपडे सुकवायच्या उबदार एअरिंग कपाटात. पेट्रोलच्या सगळ्या रबरी नळ्या बदलल्या, कारण सप्टेंबर २०२१ पासून इथलं साधं पेट्रोल ई१० आहे, त्यातलं इथेनॉल जुनं रबर खातं. आर९ लिहिलेली नळी घ्या आणि पंपावर कमी इथेनॉलचं ई५ सुपर भरा. हे मूळ नाही, पण गाडी पेटण्यापेक्षा बरं. तसंच डिस्ट्रिब्युटरच्या टोपीखाली इलेक्ट्रॉनिक इग्निशन ठेवलं, ते बाहेरून दिसत नाही आणि पॉइंट घासत बसायची हौस मला नाही.

एसयूची जोडी जुळवणं हे मला सगळ्यात भीतीदायक वाटत होतं आणि सगळ्यात मजेचं तेच निघालं. इंजिन गरम करायचं, एअर फिल्टर काढायचे, दोन थ्रॉटलमधला जोड सैल करायचा, आणि फूटभर बारीक रबरी नळीचं एक टोक कानाशी, दुसरं कार्बोरेटरच्या तोंडाशी. फूस असा आवाज येतो. एकात फूस जास्त, दुसऱ्यात कमी, मग स्क्रू पाव फेरा, परत कान, परत स्क्रू, दोन्हीकडून एकसारखी फूस येईपर्यंत. मुलगी विचारत होती बाबा गाडीला स्टेथोस्कोप लावताय का. मग मिक्स्चर, एचआयएफमध्ये त्याचा स्क्रू बाजूला असतो, आणि वर डॅशपॉटमध्ये तेल बघायचं, ते आटलेलं असेल तर ॲक्सिलरेटर दिल्यावर इंजिन गचके खातं आणि माणूस उगाच इग्निशन शोधत बसतो.

ऑगस्ट २०२४ मध्ये स्वतःहून एमओटी करून घेतली, सक्तीची नसली तरी. फी जास्तीत जास्त ५४.८५ पौंड, आणि तेवढ्यात कुणीतरी परका माणूस खालून टॉर्च मारून बघतो हे स्वस्तच. ऑगस्ट १९७५ ते जुलै १९८६ मधल्या गाडीला धुराची मोजणीही आहे, कार्बन मोनॉक्साइड ४.५ टक्के आणि हायड्रोकार्बन १२०० पीपीएमच्या आत. पहिल्या फेरीत कार्बन मोनॉक्साइड जास्त आला, तिथेच बाहेर मिक्स्चर पातळ केलं, ३.८ वर पास. टेस्टर म्हातारा होता, शिकाऊ असताना ह्या गाड्यांवर काम केलेलं, बंपरला हात लावून म्हणाला क्रोम छान दिसेल हिला. मी हो म्हटलं, काय बोलणार.

रंगाचा बदल व्ही५सीमध्ये नोंदवावा लागतो, त्यावर हिरवा होता. बदलाचा भाग भरायचा आणि डीव्हीएलएला स्वॉन्झीला पोस्टाने, फी नाही, पुरावाही मागत नाहीत. इंजिन नंबर बदलला असता तर पावती वगैरे लागली असती. पाठवण्यापूर्वी दोन्ही बाजूंचे फोटो काढून ठेवा, कारण मधले काही आठवडे तुमच्याकडे कागदच नसतो. नवं व्ही५सी सप्टेंबरच्या शेवटी आलं. त्यानंतर इन्शुरन्स, आणि इथे "ॲग्रीड व्हॅल्यू", म्हणजे आधीच ठरवलेली किंमत, मागाच, नाहीतर उद्या ठोकली तर ते बाजारभावाने हिशोब करतात. फोटो, पावत्या, हेरिटेज सर्टिफिकेट पाठवलं, त्यांनी ९,५०० मान्य केले. माझे गाडीच्या किमतीसकट जवळपास २१,००० गेलेत. ज्यांना ह्यात पैसे गुंतवायचे आहेत त्यांनी पोस्टात टाकावेत.

काढलेलं सामान मात्र फेकू नका. वेबर मॅनिफोल्डसकट ३५० ला गेला, फोर्डचा गिअरबॉक्स त्याच्या किटसह ९०० ला, मियाटाच्या सीट शंभरात, चाकं टायरसकट २५०. ते वरच्या हिशोबात वजा केलेले नाहीत, बायकोला दाखवायला वेगळे ठेवलेत. क्रोम बंपर अजून गॅरेजच्या माळ्यावर आहेत, पुढचा थोडा वाकलाय. मिडलंड्समध्ये कुणाला १९७४ च्या आधीच्या गाडीला हवे असतील तर येऊन घेऊन जा, पण रबरवालीला लावायला देणार नाही.